मागची डावी काठी

ही काठी तिर्झाच्या भावानं धरायची होती.
तो आला नाही. का, ते कुणी विचारलं नाही,
आणि ऐन वेळी
तिची प्रयोगशाळेतली मैत्रीण म्हणून
ती माझ्या हातात आली.

लीड्स, जूनमधला रविवार.
घरामागची हिरवळ. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यानं
तासाभरासाठी गवत कापायचं थांबवलेलं.
चार काठ्या, वर आजोबांची प्रार्थनेची शाल,
कडेला चहाचा डाग. मुद्दाम धुतला नाही म्हणे.

"हे घर," आजोबा कानाशी म्हणाले.
"चारी बाजूंनी उघडं. भिंती काय, नंतर आपोआप येतात.
आणि एवढी घट्ट धरू नकोस,
वाऱ्याला थोडं जाऊ दे."

अंतरपाट मी धरलाय, धाकट्या मावशीच्या लग्नात:
दोघांच्या मधे, आणि मग झर्रकन ओढायचा.
हे कापड ओढायचं नव्हतं.
धरून ठेवायचं होतं.

तिर्झा गिडियनभोवती फिरू लागली.
तिसऱ्या फेरीला तिचा झगा माझ्या बुटात अडकला,
काठी कलली,
शाल त्याच्या टोपीला टेकली.
लोक हसले, मोजणं चुकलं.
कुणी म्हणे चार, कुणी म्हणे पाच.
तिच्या आईनं ठाम सांगितलं: अजून तीन.

अंगठी साधी. खडा नाही, नक्षी नाही,
किमतीत फसलो असं पुढे कुणी म्हणायला नको.
तर्जनीत घातली,
ज्या बोटानं एरवी आपण
दुसऱ्याच्या चुका दाखवतो.

मग कागद वाचला, फार जुन्या भाषेत.
पुढच्या काठीवाली कुजबुजली,
"प्रेमाबद्दल एक शब्द नाही त्यात.
अन्न, वस्त्र, आणि त्यानं सोडलंच
तर तिला किती द्यायचं, ते."
भर मांडवात!
माझ्या लग्नात कुणी असं बोलतं
तर आत्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला असता.
आम्ही शुभ तेवढंच बोललो.
आणि अकरा वर्षांनी, कोर्टाच्या बाकावर,
कुकर कुणाचा ते ठरवत बसलो.

दंड भरून आला होता.
हात बदलता येत नव्हता.

ग्लास मीच आणलेला, चॅरिटी शॉपमधून, चाळीस पेन्सना.
आजोबांची ताकीद होती, "पातळ आण.
माझा पहिल्या लाथेत फुटला नव्हता,
सासरे वीस वर्षं हसत होते."
रुमालात गुंडाळून पायाखाली ठेवला.
पाडलेल्या मंदिराची आठवण, हे पुस्तकातलं उत्तर.
तुमचं काय, मी विचारलं होतं.
"तोवर सगळे जरा जास्तच खूश झालेले असतात,"
एवढंच म्हणाले.

फुटला. सगळे ओरडले, नाचू लागले.

ताटं गोळा करताना फाटकापाशी एक माणूस,
तिर्झासारखंच कपाळ, कोट हातावर.
आत येईना.
"माझी कुठली होती?"
मी दाखवली.
"जड होती?"
"नाही," म्हटलं. "वारा होता फक्त."

दुसऱ्या दिवशी उजवा हात वर जाईना.
केस डाव्या हातानं विंचरले.