वाटा

तेचिमानच्या बाजारात, पाण्याच्या टाकीमागे,
टोमॅटोचा भाव बदलत नाही.
पाच सेदी.
पावसाळ्यात पाच,
उत्तरेकडून धुळीचा वारा सुटतो तेव्हाही पाच.

बदलतो तो वाटा.
माल उतू जातो तेव्हा खाली पाच, मध्ये तीन, माथ्यावर एक.
टुओबोडोमचे मळे आटले
की खाली तीन, वर एक.
आणि सीमेवर ट्रक अडकले
की नुसते तीन, अंतर राखून मांडलेले,
बाकावर ऐसपैस बसून
जागा अडवणाऱ्या बायकांसारखे.

रचायला पोमामावशीनं शिकवलं:
डाग आत, देठ खाली,
ज्याची पाठ चकाकते तो माथ्यावर.
गिऱ्हाईक माथा बघतं, पोरी,
पाया घरी जाऊन बघतं.

पहाटे पेट्या उतरतात.
ओहेमा, आम्हा टोमॅटोवाल्यांची राणी,
निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून
पेटीचा भाव सांगते. एकदाच. हळू आवाजात.
तोही गेल्या साली होता तोच.
फक्त अंपोंसा सुतार
दर हंगामाला पेटीच्या काठावर
एक पट्टी ठोकतो, बोटभर रुंद.

या खेपेला यॉ बाफोनं
टोपल्यामागून टोपली रिकामी केली, पेटी हलवली,
पुन्हा ओतलं,
नव्या पट्टीवर अंगठा टेकवला
आणि विचारलं,
"ओहेमा, तुमची पेटी वाढत्या वयात आहे का?"
सगळा बाजार हसला. ओहेमाही हसली.
पट्टी राहिली.

तिकडे पेटी वाढते,
इकडे वाटा आक्रसतो,
भाव दोन्हीकडे जागच्या जागी.
मधे स्टुलावर मी.

मंगळवारी कचेरीतून क्वेनू नावाचा माणूस आला,
इस्त्रीचा शर्ट, हातात टॅबलेट.
भाव?
पाच.
मागच्या महिन्यात?
पाच.
"स्थिर," असं मोठ्यानं म्हणत त्यानं नोंदवलं.
शेजारची ताविया तोंडात पदर कोंबून हसली.

मग त्यानं पिशवीतून हुकाचा काटा काढला.
एक वाटा टांगला. दुसरा. तिसरा.
तिघांचं वजन तीन तऱ्हेचं.
"यातला पाचाचा कोणता?"

तिन्ही, म्हटलं.
हा हॉटेलच्या आचाऱ्याचा,
तो गाडीतून उतरत नाही, काचेतून बोट दाखवतो.
हा घासाघीस करणाऱ्यांचा,
त्यांनी मागायच्या आधीच कमी केलेला,
म्हणजे मग वर घालता येतं, आणि ती खूश होऊन जातात.
आणि हा डुफियेबाईंचा.
त्या शाळेत शिकवतात.
ईस्टरपासून एकट्याच येतात,
आणि वर एक घाल असं कधी म्हणत नाहीत.

तो काट्याकडे बघत राहिला.
काहीतरी लिहिलं, पुसलं,
परत लिहिलं.
टॅबलेट काखेत मारून म्हणाला, मलाही दे एक,
आणि हात घातला तिसऱ्यालाच.

तो विकलेला आहे, म्हटलं.
(डुफियेबाई चारला येतात. तेव्हा अकरा वाजले होते.)

मग त्यानं मधला घेतला. पाच सेदी मोजले.
आणि गेला नाही.
पिशवीचं तोंड उघडं धरून उभा राहिला,
कुठलंही गिऱ्हाईक उभं राहतं तसा,
माझ्याकडे न बघता.

घातला एक.
लहानसा.
डाग आत करून.