सर्वानुमते

दुपारची गाडी मडगावकडे गेली
आणि कुडाळ स्टेशनबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये, सभा सुरू झाली.
हजर एकेचाळीस. चहा त्रेचाळीस.
वही माझ्याकडे. अक्षर बरं म्हणून मी चिटणीस,
एरवी मी नंबर सतरा.

विषय एकच: ओरोसला अर्ज द्यायचा,
या स्टँडवर नवे परवाने बंद करा.
एकेचाळीस रिक्षा पुरे. बेचाळिसावी नको.

दाजी कुडतरकर उठले:
"रिक्षा वाढवशात, पण भाडा काय माडार लागता?"
इस्माईल खुल्ली म्हणाला, चतुर्थीला माणसं
बोचकी उशाला घेऊन फलाटावर झोपतात, ती कोण नेणार?
दाजी म्हणाले, चतुर्थी वर्षातून एकदा. हप्ता बारा वेळा.
हे मी जसंच्या तसं उतरवलं.

अंतोनचं मात्र लिहिलं नाही.
तो गेला, रिक्षा भंगारात गेली,
आणि फिलोमिनानं नुसता नंबर विकला, साडेतीन लाखांना.
साडेतीन लाख,
रांगेत अठ्ठाविसावं उभं राहण्याचे!
तेवढ्यात तेव्हा कडावलकडे काजूची बाग येत होती,
आणि काजूला निदान मोहोर तरी येतो.
आज बंदी झाली तर माझ्या सतराचे किती होतील,
हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला
आणि खोडला.

दाराशी रेश्मा तेली उभी होती.
बॅज आहे, बँकेचं कर्ज मंजूर आहे,
अर्ज ओरोसला पडून आहे.
तिला कुणी आत ये म्हटलं नाही, जा सुद्धा म्हटलं नाही.
दाजींनी चहा पाठवला. स्वतः नेहमीसारखे दोन घेतले.

मी आलो तेव्हा इथे सोळा होत्या,
आणि सोळा पुरे, असं याच शेडमध्ये ठरत होतं.
पाऊस होता. मी गाडी फाटकाबाहेर भिजत ठेवलेली.
याच दाजींनी आपली हातानं हातभर पुढे ढकलली
आणि म्हणाले, "लाव रे, मागे लाव."
ते कुठल्या वहीत नाही.

ठराव मांडला. हात वर झाले.
चाळीस.
एकेचाळिसावा लिहीत होता:
सर्वानुमते मंजूर.

सहाच्या गाडीची घोषणा झाली, सगळे आपापल्या हँडलकडे पळाले.
दाराशी ग्लास तसाच होता, भरलेला, वर साय धरलेली.
ती कधी गेली, पाहिलं नाही.
मी ग्लास आत आणला
आणि त्रेचाळीस चहा
संघटनेच्या खर्चात मांडले.