मागच्या खोलीची कडी

बैठक साडेसहाची, सुरू झाली सातला.
शरणपूर रोडवरच्या गाड्यांचा आवाज नको म्हणून
खिडक्या लावल्या, मग कोंडतं म्हणून उघडल्या.
प्रार्थना झाली. चहा आला.
सुगीचा सण पंधरा दिवसांवर,
आणि इतिवृत्ताची जाड वही माझ्या मांडीवर,
कारण माझं अक्षर, म्हणे, सगळ्यांना लागतं.

गेल्या वर्षीचं पान वाचून दाखवलं:
मांडव, स्पीकर, पोह्यांचे कांदे,
लिलावात भोपळा अकराशेला गेला.
भोपळ्यावर सगळे पुन्हा हसले.
माणसांबद्दल त्या पानावर एकच ओळ,
'गर्दी चांगली होती.'

एलियाजर त्रिभुवन, अग्निशामक दलातून रिटायर,
उठून दाराशी गेले. "हे आत उघडतं.
तीनशे माणूस एकदम निघालं
तर पुढचा हे ओढणार कसा?
मागचे त्याला दारावरच दाबतील."
नव्वद वर्षं ते आतच उघडत आलंय.
नवऱ्या गेल्या त्यातून, शवपेट्या गेल्या,
कोणाला काही वाटलं नव्हतं.
पाळकसाहेब म्हणाले, लिहा, बिजागऱ्या फिरवणे.

लिहीत गेले.
पायरीशी फळीचा उतार, सायमनमामांच्या खुर्चीसाठी;
तीन सण झाले, ते चर्चची घंटा घरूनच ऐकतात.
पाण्याचं पिंप सावलीत, झाकणासकट.
द्राक्षांच्या पेट्या वाटेत रचायच्या नाहीत,
पिंपळगावच्या भल्या माणसानं स्वतः आणून रचल्या तरी.

दारात कोण उभं राहणार?
तरुण संघाची मुलं म्हणाली, बिल्ले लावू.
पुष्पलता म्हणाली, बिल्ला राहू दे,
नाव विचारायच्या आधी बसायला जागा दाखवा.
तिला ठाऊक असणार. ती नवी आली तेव्हा
आम्ही आधी आडनाव विचारलं होतं,
मग गाव, मग कोणाची कोण,
मग जागा. खांबामागची.

शेवटी मुलांचा विषय.
मागच्या खोलीत चित्रकला. दोघी बसतील, एकटी कोणी नाही.
मूल ज्याच्या हातून घेतलं त्याच्याच हाती द्यायचं.
खाऊच्या निमित्तानं कोणी न्यायचं नाही,
ओळखीचा असला तरी.
शेवटचे तीन शब्द मी अधोरेखित केले.
"आणि त्या खोलीची कडी," मी म्हणाले, "बाहेरची. काढा."
कोषाध्यक्ष म्हणाले, जुनी आहे, पितळी,
असू दे की, कोण लावतंय?

"मी सात वर्षांची होते," मी म्हणाले,
"त्या वर्षी लिलाव उशिरापर्यंत चालला होता."
एवढंच.
एवढंही आजवर म्हटलं नव्हतं.

मार्था उघडे, ऐंशीच्या घरातल्या,
ऐकू येत नाही म्हणून ज्यांना कोणी काही विचारत नाही,
खुर्चीला धरून उठल्या.
स्क्रू ड्रायव्हर कुठंय, म्हणाल्या.

स्क्रू गंजलेले. एलियाजरनी टॉर्च धरला.
चौथा निघेना, मग निघाला,
सोबत लाकडाची एक कपची घेऊन.
कडीच्या आकाराचा फिकट डाग राहिला दारावर.
कोषाध्यक्ष ती हातात धरून बसले,
कुठे ठेवावी कळेना त्यांना.

ठराव क्रमांक नऊ.
सूचक मी. अनुमोदन मार्था उघडे.
त्यांना किती ऐकू आलं होतं, कोणत्या वर्षापासून,
मी विचारलं नाही.

निघताना दार आतच ओढावं लागलं,
सुतार सोमवारी येणार होता.
आम्ही सगळे मागे सरकलो,
मार्थाबाईंना आधी जाऊ दिलं.