हलू नका

मे महिन्यात महालातला आमचा स्लॅब
रात्री बारापर्यंत दिवस ओकत असतो.
दुर्बीण लावली की गुरू
तव्यावरच्या थेंबासारखा नाचतो,
त्यात भिंतीला भिंत लागून निखाऱ्यांचा कूलर:
तो सुरू झाला की भिंत थरथरते,
भिंतीसोबत माझी तिपाई,
तिपाईसोबत गुरू, चार चंद्रांसकट.

"काय पाहून राहिल्या वो ताई, एवढ्या रातच्यानं?"
निखाऱ्यांची सून खालून विचारते.
गिऱ्हाईक आलंय, मी म्हणते.

बाबांचा स्टुडिओ गांधीबागेत होता.
एक फिरतं स्टूल, निळा पडदा,
सुतळीनं आरशाला बांधलेला कंगवा.
हनुवटी खाली. डोळे मिटू नका. हलू नका.
माणसं श्वाससुद्धा धरून ठेवायची
आणि एका क्लिकमध्ये अख्खी यायची.

हा तसा येत नाही.
तीन मिनिटांचा व्हिडिओ, दहा हजार फ्रेमा,
त्यातल्या नऊ हजार फेकायच्या.
जिथं हवेनं चुकून श्वास धरला होता
तेवढ्याच एकावर एक रचायच्या.
मग हळूहळू पट्टे दिसू लागतात,
ट्रेमधल्या कागदावर
आधी भुवया उमटायच्या, मग डोळे, तसे.

आणि आज
वरच्या पट्ट्याच्या काठाशी एक काळा ठिपका.

धूळ असणार.
हात आपोआप ब्रशकडे गेला.
हात बाबांचाच आहे:
काचेवर निगेटिव्ह ठेवून, टोकदार शिसपेन्सिलीनं
ते अख्ख्या इतवारीचे तीळ, व्रण, जागरणं भरून काढायचे.

तांडापेठेतल्या लीलाबाई पराते
मुलासाठी फोटो काढायला आल्या होत्या,
तो भिलाईला लागला होता.
पाकीट घ्यायला आल्या, ट्यूबलाईटखाली धरून
बराच वेळ पाहिला.
"गोरीगोमटी केली जी तुमी मले.
पण हे कोण होय?
देवी निंगाल्या होत्या मले सातव्या वर्सी.
लेकरू वळखीन का?"
बाबांनी पुन्हा छापला, पेन्सिल न लावता,
पैसे घेतले नाहीत.
पहिली प्रत त्यांनी गल्ल्यात ठेवली, वर्षानुवर्षं,
सुट्या पैशांच्या खाली.
ती आता माझ्याकडे आहे.

ब्रश ठेवला. मागचा व्हिडिओ उघडला, पाऊण तास आधीचा.
तिथं ठिपका काठाला चिकटून होता.
त्याच्याही मागच्यात नव्हताच.
धूळ अशी वेळ पाळून चालत नाही.
चंद्राची सावली होती ती, आयोची,
त्या एवढ्याशा काळ्यात
कुठल्याशा ढगांवर भरदुपारी ग्रहण लागलेलं
आणि मी ते पुसायला निघाले होते.

सव्वाला लाईट गेली.
गल्लीतले सगळे कूलर एकदम बसले.
भिंत थांबली. लॅपटॉपच्या बॅटरीवर
गुरू स्थिर, जवळजवळ मिनिटभर,
पहिल्यांदाच अस्सा समोर बसला.
"हलू नका," मी म्हटलं
आणि दचकले, आवाज किती त्यांच्यासारखा निघाला.

निखाऱ्यांची सून हातपंखा घेऊन वर आली,
घामानं केस कपाळाला चिकटलेले.
पडद्यात वाकून पाहिलं तिनं, नाक टेकेस्तोवर.
"माय! टिकली लावून राहिला का वो हा?"

मी हो म्हटलं.
ती वारा घालत राहिली, थोडा मला, थोडा लॅपटॉपला.
लाईट यायला अजून वेळ होता.