रेघेच्या दिशेनं

कुरखेड्याकडची आरागिरणी मोडली,
तिच्या माळ्याच्या फळ्या किलोवर गेल्या.
एकवीस मी घेतल्या. सागवान,
चाळीस वर्षं भुशाखाली निजलेलं,
इतकं काळं, की ट्रॅक्टरवाला म्हणाला,
"सिस्टर, सरपण कायले वर चढवता?"

वरची खोली नवी. टिनाचं छप्पर, विटांच्या भिंती,
खाली नुसत्या आडव्या बल्ल्या.
वासुदेव मिस्तरीनं फळ्या ठोकून दिल्या,
पॉलिशचे अकरा हजार सांगितले,
आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाला,
"हे बायामाणसाचं काम नोहे."
मी म्हटलं, साखर बरोबर आहे ना?

ऐंशी नंबरचा कागद. मग एकशेवीस.
मग दोनशेवीस, मांजराच्या जिभेसारखा.
तीन दिवस गुडघ्यांवर.
पापण्यांत भुसा, भाकरीच्या घासात भुसा,
दवाखान्यात टाकलेली रजा भुशात.
काळा थर गेला आणि खालून निघाला
नुकत्या भरडलेल्या तुरीच्या डाळीचा रंग.

माझा हात सारवणाचा.
मनगट आपोआप वळतं, अर्धी कमान,
तिच्या काठावर दुसरी,
आईनं ओसरीवर शिकवलेली.
लाकडाला ते चालत नाही.
लाकडात रेघ आधीच असते,
तिच्यासोबत सरळ जायचं, सरळ यायचं.
आडवा गेलेला हात तेव्हा दिसत नाही,
रंग लावल्यावर बोलतो.
पहिल्या चार फळ्या भरून माझ्या कमानी बोलल्या.
पुन्हा ऐंशी नंबर.

रंग म्हणून काथ.
रात्रभर भिजवला, उकळला, चिमूटभर चुना टाकला,
पातेल्याचं तोंड रंगलं.
सुती बोळ्यानं लावत गेले, संध्याकाळ झाली,
बल्बच्या उजेडात सगळं छान दिसलं.

सकाळी प्रत्येक जुन्या खिळ्याच्या भोकाभोवती
एक काळं वर्तुळ.
गिरणीचं लोखंड आत कुठं उरलं होतं,
काथानं ते हुडकून काढलं.
पुस्तकला जिन्यात उभी राहून बघत होती,
"काहून व, डोळे आले तुया जमिनीले?"
मी मोजले. एकशे सात.
एकावर लिंबू पिळलं, तो मिटला.
बाकीच्यांना म्हटलं,
बघा.

मग जवसाचं तेल, घाणीवरचं, कढवलेलं.
पातळ हात द्यायचा, थोडा वेळ थांबायचं,
लाकूड पिईल तेवढं त्याचं,
उरलेलं पुसून घ्यायचं.
सारवणाचं एवढं मात्र कामी आलं:
मागे मागे सरकत दाराशी निघायचं.
निघाले. कडी लावली.
चष्मा समोरच्या खिडकीत राहिला.

रात्री बारानंतर
जवसाच्या चटणीचा खरपूस वास.
एवढ्या रात्री कोण भाजतं?
पायऱ्या चाचपत वर गेले.
तेलाचे बोळे मी दाबून दाबून
बादलीत भरून ठेवले होते,
बादलीला हात लावला तर चटका,
आणि मधून धुराची एक बारीक दोरी.
कुणी काडी लावली नव्हती.
तेल वाळताना ऊन होतं, वासुदेवनं मग सांगितलं,
मोकळं असलं तर कळतही नाही.
एकावर एक कोंबलं की
त्याचं त्यालाच सहन होत नाही.

घागरभर पाणी ओतलं. हात कापत होते.
मग तारेवर एकेक बोळा पसरला,
दोघांच्या मध्ये वीत वीत जागा सोडून,
बाळंतिणीच्या घरच्या लंगोटांसारखे,
आणि त्यांच्यापाशी पायरीवर बसून राहिले
गायी सुटेपर्यंत.

दोन दिवस चष्म्याशिवाय काढले.
सुईच्या औषधाची बाटली नाकाशी धरून वाचली.
तिसऱ्या दिवशी अनवाणी आत गेले.
तळव्याला गार, कोरडं, किंचित ओढणारं.
एकशे सहा डोळ्यांवरून चालत खिडकीशी पोचले,
चष्मा पुसला, लावला, वळले.

तिरप्या उन्हात दारापासून पाचव्या फळीवर
एक कमान राहून गेलेली.

ऐंशी नंबरचा कागद संपला होता.