नववा डबा

दर दुसऱ्या महिन्याला
ओरिन स्टाउफरच्या नावाचं एक खोकं यायचं.
हलवलं तरी आत काही वाजायचं नाही,
इतकं नीट भरलेलं.
मी टपालवाली. सही घ्यायची, पुढे जायचं, एवढंच माझं काम.
पण अल्टूनाच्या त्या चढावर बर्फ साचलं
की गाडी थांबायचीच,
आणि तो कॉफी विचारायचा.

तळघरात प्लायवुडवर युद्ध मांडलेलं.
आधी आलं इंजिन, पितळी घंटेचं,
मग लाकडांचा टेंडर, तोफेचा डबा, घोड्यांचा.
प्रत्येकासोबत प्रमाणपत्र:
मर्यादित आवृत्ती, रंग हाताने दिलेला,
क्रमांक चार हजार एकशे बारा.
निळ्यांची एक गाडी, करड्यांची एक,
दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरवर.
"बटण माझ्याकडे आहे," ओरिन म्हणायचा,
"त्यामुळे कुणी हरत नाही.
रविवारी तर मुळीच नाही."

चाळीस वर्षं त्याने रेल्वेच्या कारखान्यात
खरी चाकं तासली होती.
तोफेचा डबा तळहातावर तोलून म्हणाला,
"हलका आहे. याने रूळ दबायचे नाहीत."

नववा डबा आला मार्चमध्ये. इस्पितळाचा.
पांढराशुभ्र, खिडक्यांना चकाकी,
आत काही नाही.
त्या दिवशी कॉफी झाली नाही.

पुढच्या खेपेला गेले तर टप काढून ठेवलेला.
चिमट्याने टांगलेल्या झोळ्या,
बायकोच्या जुन्या उशीतला कापूस,
परसातली माती,
आणि गव्हाच्या दाण्याएवढी सतरा माणसं.
"पणजोबा असल्याच डब्यातून घरी आला.
पाय तिकडेच राहिला.
सांगायचा म्हणे, गाडी वळणावर डुलली
की सगळे एकदम ओरडायचे,
आणि ड्रायव्हर शिट्टी फुंकायचा,
फुंकतच राहायचा."

त्याने कंपनीला फोटो पाठवला, का कोण जाणे.
उत्तर मीच पोचवलं:
प्रिय संग्राहक, डब्यात फेरफार केल्यास
प्रमाणपत्र रद्द समजावे.
ते पत्र त्याने फ्रेम करून
कामाच्या टेबलावर लावलं.

बारावा डबा आला तेव्हा पडदे ओढलेले होते.
सहीला कुणी नाही.
मी दाराला चिठ्ठी अडकवली. मग दुसरी.
तिसरी अडकवताना पहिल्या दोन तिथेच होत्या.

मे महिन्यात ओहायोहून पुतणी आली, लॉर्ना,
आणि अंगणात टेबलं मांडून
सगळ्यावर किमतीचे गोल स्टिकर लावले.
भिंग घेतलेल्या एका माणसाने
नवव्याचा टप उचलला,
आत फुंकर मारली,
"वाया घालवलाय," म्हणाला
आणि खाली ठेवला.
चार डॉलर.

आता तो माझ्या टपालगाडीत असतो,
काचेखाली, रबरबँडने बांधलेला.
कापूस सुटत चाललाय.
दोन माणसं कुठे पडली, सापडली नाहीत;
सीटखाली दोनदा शोधलं.
वळण आलं की मी ब्रेकवर पाय ठेवते.
टपाल उशिरा पोचतं.
तक्रारी येतात.