पट्टा क्रमांक सत्तावीस

सोहारच्या कॅम्पात रात्री दहानंतर
माझ्या खोलीत चाळीस पट्टे चार्जिंगला लागतात.
मी स्टोअरकीपर.
हेल्मेट, हातमोजे, ओआरएसची पाकिटं
आणि मेपासून हे.
दुबईहून आले. खोक्यावर हसरा सूर्य.

सोबत जुमाना नावाची इंजिनीअर, बूट कोरे करकरीत.
म्हणाली, हा घाम ओळखतो, हृदय ओळखतो,
माणूस कोसळायच्या वीस मिनिटं आधी सांगतो.
येल्लय्यानं विचारलं, कोसळल्यावर उचलतो का?
ती हसली, मग हसू आवरून
वहीत लिहून घेतलं.

दर पंधरवड्याला नवीन काहीतरी.
पहिल्याची पिन घामानं गंजली.
दुसऱ्याला मोतालेबच्या काळ्या मनगटातली नाडी सापडेना,
स्क्रीनवर तो तीन दिवस मेलेला होता
आणि तीन दिवस पाइप वाहत होता.
तिसरा आला तो दंडावर बांधायचा.
दंडावर आमच्याकडे ताईत बांधतात.
हा त्याचा शहाणा भाऊ:
संकट टाळत नाही, कळवतो.

दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हातलं काम बंद, तो कायदा.
उरलेल्या तासांचा मालक पट्टा.
हिरवा म्हणजे चालू दे. पिवळा म्हणजे पाणी.
लाल म्हणजे सावली, वीस मिनिटं, पगार न कापता.
आठवड्याभरात शोध लागला
की जिना धावत चढलं की लाल होतो.
फोरमन म्हणाला, फसवतात साले.
मी म्हटलं, धावतात तर खरंच ना.

पट्टा जमा करायच्या आधीची वेळ, नऊ चाळीस.
टॅबलेटवर एकेक आकडा चढू लागायचा.
माणसं खाटेवर बसलेली, एसी अठरावर,
आणि नाडी शंभराच्या पुढे.
टॅबलेट विचारायचा, कारण निवडा:
उष्णता. श्रम. आजार. इतर.
कधी सात वेळा, कधी अकरा वेळा
मी 'इतर'वर बोट ठेवायचो.
भारतात तेव्हा अकरा वाजून दहा. पोरं जागी ठेवलेली.

ऑगस्टात त्यांचे पैसे संपले.
मेलमध्ये लिहिलं होतं, प्रवास थांबवत आहोत.
जुमाना पट्टे न्यायला आली, एकटी.
बूट तेच, आता आमच्यासारखे.
एकोणचाळीस मोजले.
सत्तावीस?

सत्तावीस काशिनाथ भुवडचा.
चार दिवसांपूर्वी रजेवर गेला, पालशेतला.
दंडावरचा काढायचा विसरलो, असं विमानतळावरून कळवलं त्यानं.
काशिनाथ नटबोल्टसुद्धा मोजून परत करणारा माणूस.

सर्व्हर संध्याकाळपर्यंत चालू होता.
तिनं टॅबलेट उघडला.
सत्तावीस जिवंत.
नाडी एकशे चौतीस.
पावलं भराभरा, अगदी आखूड,
मध्येच थांबा, मध्येच उडी,
मग पुन्हा कुठून कुठे तरी पळापळ.
दंडाला दोन वेढे घेतले असतील पट्ट्यानं.

त्याची मुलगी सहा वर्षांची.
बाप तिनं दोनदा पाहिलाय, हे धरून तीनदा.

हा कोण? जुमानानं विचारलं.
मी म्हटलं, बिघडला असेल,
लहान पोरासारखे आकडे देतोय.
तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.
यादीत लिहिलं: सत्तावीस, सदोष.

पण टॅबलेट मिटला नाही.
एकशे अठरा.
एकशे दोन.
पावलं थांबली.
शहाण्णव, आणि तिथेच राहिला.
कुणीतरी कडेवर घेतलं असावं.

कोपऱ्यात बॅटरी दिसत होती, चार टक्के.
चार्जर इथे, माझ्या टेबलावर, वायर गुंडाळलेली.
बाहेर तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.
ती म्हणाली, वाजवू दे
आणि खुर्ची ओढून बसली.